पुन्हा विचारू नका!

काही फसलं की पुन्हा प्रयत्न करायचा, ही आपल्या प्रोग्रामर लोकांची जुनी खोड. नेटवर्क गेलं? रीट्राय. फाइल उघडली नाही? रीट्राय. असे ढीगभर लूप मीही लिहिलेत. म्हणून पोस्टग्रेसचा २०१८ मधला हा किस्सा वाचला तेव्हा जरा टरकलोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुने दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि मग सवडीने खतावणीत उतरवायचे. २००१ साली आलेल्या ७.१ आवृत्तीपासून पोस्टग्रेसही तेच करतो. बदल आधी 'वॉल' नावाच्या नोंदवहीत, मग डेटाच्या मूळ फाइलींत. हे काम मुख्यतः वादिम मिखेयेव यांचं. मध्येच वीज गेली तरी वॉल वाचून सगळं पुन्हा उभं करता येतं. अधूनमधून चेकपॉइंट होतो. तेव्हा पोस्टग्रेस 'एफसिंक' कॉल करून ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, "सगळं डिस्कवर खरंच उतरलं ना?" 'हो' आलं की जुनी वॉल मोकळी.

मेख इथेच होती. एका वापरकर्त्याकडे स्टोरेजमध्ये एरर आली आणि त्यानंतर डेटा खराब झाला. क्रेग रिंगर या डेव्हलपरने त्याचा माग काढला आणि मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या बाकी मंडळींसमोर प्रकरण मांडलं. लिखाण फसलं की लिनक्स ती एरर एकदा सांगतो, पण मेमरीतलं ते पान 'लिहून झालं' अशा खुणेने ठेवतो! पोस्टग्रेस बिचारा थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. आता लिहायचं काही शिल्लकच नाही, म्हणून उत्तर येतं 'हो'. चेकपॉइंट यशस्वी, जुनी वॉल मोकळी, आणि डेटा गायब. कुणाला पत्ताही नाही.

लिनक्सवाल्यांचीही बाजू होती. कुणी पेन ड्राइव्ह मध्येच उपटला, तर न लिहिलेली पानं मेमरीत किती काळ सांभाळायची?

बरीच चर्चा झाली. रिंगर यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: एफसिंक फसलं की पुन्हा विचारू नका, सरळ पॅनिक करा. म्हणजे डेटाबेसने स्वतःहून कोसळायचं आणि उठल्यावर वॉलवरून सगळं पुन्हा लिहायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आणि त्यासोबतच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्यांत हाच बदल आला. त्याच महिन्यात फॉसडेम परिषदेत तोमाश वोंद्रा यांनी भाषण दिलं. विषय काय, तर पोस्टग्रेस २० वर्षं एफसिंक चुकीचं कसं वापरत होता! आपली चूक अशी भर सभेत सांगायला हिंमत लागते.

मला यातली गंमत अशी वाटते की भरवसा वाढला तो डेटाबेस लवकर कोसळायला लागल्यामुळे. खोट्या 'हो'पेक्षा खरं 'नाही' केव्हाही बरं.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर माझे रीट्रायचे लूप एकदा तपासणार आहे. तुम्हीही बघा.