झांझिबार ते पाचगणी : अंतर तेच, वेळ वेगळा

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५५ साली आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचे नाव फरोख बलसारा. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी या नावाने गायक म्हणून जगभर गाजला. त्याचे आईवडील पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर राहत. शाळा घरापासून किती दूर होती? प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण निम्मे उत्तर इतिहासात आहे.

आधी भूगोल पाहू. पृथ्वीगोलावर मुंबई आणि झांझिबार यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा बृहद्वृत्ताच्या, म्हणजे सर्वांत जवळच्या मार्गाने जातो. ३० सें.मी. व्यासाच्या गोलावर तो जेमतेम ११ सें.मी. भरेल. गोलाचा परीघ सुमारे ९४ सें.मी. व पृथ्वीचा सुमारे ४०,००० कि.मी. त्रैराशिक मांडले की अंतर ४,६०० ते ४,७०० कि.मी. येते. हे अंतर शतकानुशतके तेच आहे.

वेळ मात्र बदलत गेला. शिडाची गलबते हिवाळ्यात ईशान्य मोसमी वाऱ्यांवर आफ्रिकेकडे जात आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाल्यावर परतत. ताशी ९ कि.मी. वेग धरला तर एका बाजूचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा. परंतु वारा उलटेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावे लागे, ते वेगळेच. वाफेच्या यंत्राने जहाजाला वाऱ्याच्या वेळापत्रकातून मुक्त केले. ताशी २८ कि.मी. वेगाने हेच अंतर सुमारे सात दिवसांत कापता येते. वाटेतल्या बंदरांतील मुक्काम त्यात धरलेला नाही.

फरोख भारतात आला तो जहाजानेच. मुंबईत उतरल्यावर पाचगणीपर्यंतचा प्रवास आणि शेवटी पसरणीचा घाट उरतच असे. आता हिशेब करा : दोन आठवड्यांची सुट्टी मिळाली, तर ती जाण्यायेण्यातच संपणार! आठ वर्षांच्या मुलाला घरापासून दूर ठेवणारी खरी गोष्ट किलोमीटर नव्हती, दिवस होते.

ताशी ८५० कि.मी. वेगाच्या जेट विमानाला हे अंतर थेट कापायला साडेपाच तास पुरतात. येथे मुलांना एक कोडे घालावे. झांझिबारहून सकाळी १० वाजता निघालेले असे विमान मुंबईत किती वाजता उतरेल? दुपारी साडेतीन हे उत्तर चूक. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्ताची, तर पूर्व आफ्रिकेची ४५° पूर्वेची. फरक ३७.५ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे अडीच तास. मुंबईच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतील.

आपल्या वर्गातील मुलांचे नातेवाईक कोठकोठे राहतात ते विचारावे. प्रत्येक अंतर दोऱ्याने मोजून आजोबांच्या काळी आणि आज तेथे पोचायला लागणारा वेळ शेजारीशेजारी लिहावा. वाहतुकीचा इतिहास फळ्यावर आपोआप उभा राहील.