तबकडी कोणत्या वेगाने फिरवावी? : ‘द मेरी विडो’मधील एका युगुलगीताचा इतिहास

आजचा धागा एका गाण्याचा. ध्वनिमुद्रण हा इतिहासाचा अस्सल पुरावा, असे आपण गृहीत धरतो. कागद खोटा असू शकतो, पण आवाज कसा खोटा असेल? १९०५ च्या व्हिएन्नातील एक युगुलगीत या समजुतीला चांगलाच धक्का देते.

३० डिसेंबर १९०५. व्हिएन्नातील ‘थिएटर आन डेअर वीन’ या नाट्यगृहात फ्रांत्स लेहार यांच्या नव्या ऑपेरेटाचा पहिला प्रयोग झाला. मूळ जर्मन नाव ‘डी लुस्टिगे विट्वे’. जगाला ती ‘द मेरी विडो’ म्हणून ठाऊक आहे. नायिका हाना ग्लावारी ही वीस दशलक्षांची धनीण असलेली विधवा. नायक काउंट डानिलो तिचा जुना प्रियकर. तिच्या पैशासाठी आलो असे कोणी म्हणू नये म्हणून तो ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे एकच वाक्य तोंडातून काढत नाही. सारे नाटक या न उच्चारलेल्या वाक्यावर उभे आहे.

तिसऱ्या अंकातील ‘लिपन श्वायगेन’ हे युगुलगीत म्हणजे त्या मौनाची कोंडी फुटण्याचा क्षण. लेहार यांची हुशारी अशी, की ही चाल श्रोत्याने दुसऱ्या अंकात नृत्याच्या वेळी आधीच ऐकलेली असते. पाय जे बोलून गेले, ते ओठांवर यायला एक अंक लागतो.

आता लय, स्वर आणि भाव. गाणे वॉल्ट्झच्या तीन मात्रांत आहे. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रांचा अर्धा तुकडा डोळ्यांसमोर आणा. मात्र वॉल्ट्झमध्ये दर तीन मात्रांनी पहिल्या मात्रेवर वजन पडते. चाल संथ, झुलती. पट्टी ‘जी मेजर’, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत षड्ज पांढरी पाचवर, आणि स्वर बिलावल थाटाचे. सगळे शुद्ध स्वर, गोड लय. तरीही भाव निव्वळ आनंदाचा नाही. दोन अभिमानी माणसे हळूहळू माघार घेत आहेत, याची हुरहुर त्यात आहे. ती टिकते संथपणावर.

आणि नेमका इथेच घोळ आहे.

पहिल्या प्रयोगातील हाना, मित्सी ग्युंटर, आणि डानिलो, लुई ट्रॉयमान, या दोघांच्या आवाजात या ऑपेरेटातील गाणी लवकरच तबकड्यांवर उतरली. १९०७ मध्ये तर जर्मनीत जवळजवळ संपूर्ण ऑपेरेटा मुद्रित झाली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता (विद्युत ध्वनिमुद्रण आले १९२५ च्या सुमारास). गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात. आणि ज्याला आपण सरसकट ‘७८ ची तबकडी’ म्हणतो, ती त्या काळी ७८ वेगानेच मुद्रित झालेली असे, असे मुळीच नाही. कधी सत्तरीच्या आसपास, कधी ऐंशीच्या वर.

हिशेब करून पाहू. मुद्रण मिनिटाला ७४ फेऱ्यांनी झाले आणि आपण तबकडी ७८ ने वाजवली, तर वेग सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढतो. एक अर्धस्वर म्हणजे सुमारे ५.९ टक्के. म्हणजे पांढरी पाचचे गाणे जवळजवळ काळी चारवर चढले! तीन मिनिटांचे गाणे ९ सेकंद आधी संपले, ते वेगळेच. लय आणि पट्टी एकाच वेळी बिघडतात. सर्वांत वाईट म्हणजे आवाजाचा पोतही बदलतो: पोक्त पुरुष कोवळा तरुण वाटू लागतो, हुरहुर जाऊन लगबग येते. मग आपण बिनदिक्कत लिहितो, ‘त्या काळी हे गाणे चपळ, खेळकर ढंगाने गात असत.’

उपाय सोपा वाटतो: छापील स्वरलिपीत जी मेजर आहे ना, मग तबकडी त्या पट्टीला जुळेपर्यंत वेग बदला. पण कोणता जी? १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने मानक ‘ए’ ४३५ हर्ट्झ सुचवला होता. आजचा ४४० पुढे १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला. शिवाय गायकाने सोयीसाठी पट्टी उतरवून घेतली असेल तर? डानिलो टेनरही गातात आणि बॅरिटोनही. म्हणून जाणकार संशोधक पट्टीबरोबरच स्वरातील कंप आणि व्यंजनांचा उच्चारही कानाने तपासतात.

एवढे करूनही वेग बरोबर सापडला, तरी तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांचीच. त्यात बसवण्यासाठी गाणे कापले जाई किंवा घाईने गायले जाई. रंगमंचावरची लय तीच होती, असे मानणे धाडसाचे. (बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी हेच प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत.)

१९५३ मध्ये लंडनला ओटो आकरमान यांच्या संचालनाखाली एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ आणि एरिख कुंत्स यांनी हेच गीत गायले. चुंबकीय फीत आणि दीर्घ तबकडी आल्याने वेळेचे बंधन सुटले होते. माझ्या कानांना हे मुद्रण नाटकाच्या सर्वांत जवळचे वाटते. पण ते व्हिएन्नाच्या पहिल्या प्रयोगाचे चित्र नव्हे. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली होती आणि ते व्हिएन्ना आठवणीत जमा झाले होते.

ती आठवण कशाने जड झाली, हे ट्रॉयमान यांच्याकडे पाहिले की कळते. ते ज्यू होते. हिटलरला ही ऑपेरेटा अतिशय आवडे. तिचा पहिला नायक मात्र मार्च १९४३ मध्ये नाझींच्या थेरेसिएनश्टाट छावणीत मरण पावला. त्यांचा आवाज आज आपल्यापाशी आहे तो त्या खरखरत्या तबकड्यांतच, आणि तो त्यांचा वाटावा की कुणा दुसऱ्याच तरुणाचा, हे फिरकीच्या तीन-चार फेऱ्यांवर ठरते.