आभासी यंत्रांतील सुरक्षित स्मृतिकक्ष : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी या तंत्राची शास्त्रीय मांडणी केली. यंत्राच्या सर्व साधनसामग्रीवर नियंत्रक प्रणालीचे, म्हणजेच हायपरव्हायझरचे, पूर्ण नियंत्रण असले पाहिजे, ही त्यांची एक प्रमुख अट होती. आपल्या ताब्यातील स्मृतीत काय आहे हे नियंत्रकाला पाहता येणे, हे या व्यवस्थेत गृहीतच होते. पुढे या गृहीतकाला धक्का कसा बसला आणि त्यातून कोणती तडजोड निघाली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
दुसऱ्याच्या यंत्रावर आपली माहिती ठेवण्याची पद्धत क्लाउडमुळे रूढ झाली आणि यंत्रमालकावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न तीव्र झाला. इंटेलने २०१३ मध्ये एसजीएक्स या तंत्राची मांडणी केली व २०१५ मध्ये स्कायलेक प्रोसेसरमधून ते बाजारात आणले. यात स्मृतीचा एक भाग एन्क्लेव्ह म्हणून राखला जातो. बाहेरून तो वाचण्याचा प्रयत्न केल्यास खरा मजकूर हाती लागत नाही. कार्यप्रणाली व हायपरव्हायझर यांनाही हा नियम लागू आहे. वाड्याच्या मालकाने खोली भाड्याने द्यावी, परंतु किल्ली मात्र भाडेकरूपाशीच राहावी, असा हा प्रकार होय.

प्रवेशाधिकाराचा वाद :
कोणता एन्क्लेव्ह सुरू होऊ द्यावा, हे ठरविणारी किल्ली प्रारंभी इंटेलकडे होती. त्यासंबंधीची नोंद प्रोसेसरमध्ये पक्की केलेली होती. पुढील प्रोसेसरमध्ये ती बदलण्याची सोय झाली. लिनक्स कर्नलने यजमान यंत्रावर एसजीएक्स वापरण्यासाठी हीच सोय आवश्यक मानली. अंतिम निर्णय यंत्रमालकाचा असावा, असा त्यामागील विचार होता. अनेक वर्षे चर्चा व संस्करणे होऊन हे काम २०२१ च्या फेब्रुवारीत ५.११ आवृत्तीत दाखल झाले. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या ५.१३ आवृत्तीत केव्हीएम या हायपरव्हायझरमार्फत आभासी यंत्रांनाही ही सुविधा मिळाली. येथे मात्र अट शिथिल झाली. नोंद बदलता न येणाऱ्या यंत्रावरही पाहुण्या यंत्राला एसजीएक्स देता येऊ लागले. यजमानाने स्वतःसाठी जे नाकारले, ते पाहुण्यास नाकारले नाही.

कार्यपद्धती व मर्यादा :
हायपरव्हायझर राखीव स्मृतीचा वाटा पाहुण्या यंत्राला देतो. तेथील एन्क्लेव्हमध्ये तो डोकावू शकत नाही. तरीही त्याचे नियंत्रण संपत नाही. एन्क्लेव्ह निर्माण करण्याची आज्ञा केव्हीएम मध्येच अडवून तपासू शकते. पाहुण्याला न दिलेले अधिकार, विशेषतः यंत्राची कायमची ओळख पटविणारी किल्ली मिळविण्याचा अधिकार, त्याने मागितल्यास ते नाकारले जातात. एन्क्लेव्ह सुरू करण्याच्या वेळी पाहुण्याने निवडलेल्या किल्लीची नोंद यजमानालाच प्रोसेसरमध्ये भरावी लागते.

या गोपनीयतेची किंमतही मोजावी लागली. सुरुवातीच्या प्रोसेसरमध्ये राखीव स्मृती जेमतेम १२८ एमबी होती आणि तीही पूर्णपणे वापरता येत नसे. पाहुण्याला एकदा दिलेली पाने यजमान त्याच्याकडून परत काढून घेत नाही. त्यामुळे सामान्य स्मृतीप्रमाणे हातच्या साठ्यापेक्षा अधिक वाटप शक्य होत नाही. राखीव स्मृतीतील मजकूर त्या त्या प्रोसेसरच्या किल्लीने बंद असल्याने आभासी यंत्र दुसऱ्या संगणकावर नेल्यास एन्क्लेव्ह नव्याने उभारावा लागतो. ज्या लवचिकतेसाठी आभासी यंत्रे लोकप्रिय झाली, तिचाच काही अंश येथे सोडावा लागला.

किल्ली भाडेकरूपाशी असली, तरी भिंती भक्कम आहेत का, हा प्रश्न उरतोच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये फोरशॅडो हल्ल्याने प्रोसेसरच्या भिंतींतील फट उघड केली. त्याच दोषाच्या अन्य रूपांनी आभासी यंत्रांमधील विलगीकरणही धोक्यात आणले. पुढे इंटेलने घरगुती संगणकांसाठीच्या नव्या प्रोसेसरमधून एसजीएक्स वगळले. सर्व्हरच्या झिऑन मालिकेत मात्र ते वाढविले. २०२१ मधील तिसऱ्या पिढीच्या झिऑनमध्ये राखीव स्मृतीची मर्यादा प्रत्येक प्रोसेसरमागे ५१२ जीबीपर्यंत पोहोचली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, या तंत्राने हायपरव्हायझरची सत्ता नष्ट केली नाही, ती विभागली. वाटप, परवानगी आणि नकार यांचे अधिकार यजमानाकडे राहिले; पाहण्याचा अधिकार मात्र गेला. तथापि विश्वासाची गरज संपली नाही. पूर्वी तो यंत्रमालकावर ठेवावा लागे. आता तो प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीवर ठेवावा लागतो. म्हणून एखादी संस्था रुग्णांच्या नोंदी किंवा बँकेचे व्यवहार परक्या यंत्रावर सोपवते, तेव्हा माहिती सुरक्षित आहे का, एवढेच विचारणे पुरेसे नाही. कोणापासून सुरक्षित आणि कोणाच्या भरवशावर, हेही विचारले पाहिजे.