आवाजाची शुद्धता, विजेची काटकसर
रेडिओचा शब्द स्पष्ट यावा, एवढेच आपण पाहतो. प्रक्षेपकापुढे मात्र जुने कोडे होते. आवाजातील चढउतार जसेच्या तसे वाढवायचे, तर व्हॉल्व्ह एरवी अर्ध्या जोरावरच राबवावे लागत. सुमारे एक-तृतीयांश वीज लहरींत उतरे, बाकी उष्णता होऊन जाई. पुरता जोर लावावा, तर आवाज फाटे.

१९३६ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या विल्यम डोहर्टींनी तोड काढली. एक व्हॉल्व्ह नेहमीचा भार वाही. आवाज चढला की दुसरा मदतीस येई. घाटात जादा बैल जुंपावेत ना, तसेच! कार्यक्षमता ६० टक्क्यांवर गेली. १९३८ मध्ये लुईव्हिलच्या ५० किलोवॉट केंद्राने ही पद्धत घेतली. आज मोबाइलचे मनोरेही तीच वापरतात. काम नीट वाटले, की शुद्धता आणि काटकसर एकत्र नांदतात.