यंत्रांचे मालक आणि माणसांच्या याद्या

व्यापार आणि राजकारण एका छपराखालीं राहत असले तरी त्यांच्या चुली वेगळ्या असाव्या, अशी व्यापारी वर्गाची जुनी समजूत आहे. व्यापाऱ्यानें माल विकावा, हिशेब चोख ठेवावा आणि राज्यकर्त्यांच्या बऱ्यावाईट हुकुमांविषयीं मौन पाळावें, हें धोरण शहाणपणाचें मानलें जातें. परंतु माणसांविषयींची माहिती हाच ज्याचा माल, त्या व्यापाऱ्यास हें मौन कितपत साधेल, हा प्रश्न अमेरिकेंत २०१७ सालीं मोठ्या तीव्रतेनें पुढें आला. त्याचें मूळ मात्र बरेंच मागें आहे.

१८९० सालच्या अमेरिकन खानेसुमारीसाठीं हर्मन हॉलरिथ नांवाच्या इंजिनियरानें एक यंत्र सिद्ध केलें. जाड कागदाच्या कार्डावर प्रत्येक माणसाचें वय, जन्मस्थान, वर्ण इत्यादि दर्शविणारीं भोंकें पाडावयाचीं आणि विजेच्या साहाय्यानें तीं मोजावयाचीं, अशी ती योजना होती. हॉलरिथची कंपनी १९११ सालीं इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या संयुक्त कंपनीनें १९२४ सालीं आय. बी. एम. हें नांव धारण केलें. मोजणी हें वरवर पाहतां निरुपद्रवी काम. पण १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काढलेल्या हुकुमान्वयें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० माणसांना घरेंदारें सोडून छावण्यांत जावें लागलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश लोक जन्मानें अमेरिकेचेच नागरिक होते. कोणत्या वस्तींत असे किती लोक राहतात, हें १९४० च्या खानेसुमारीच्या आंकड्यांवरून खानेसुमारी खात्यानेंच लष्करास कळविलें होतें. कार्डावरील भोंक कशासाठीं पाडलें आणि कशासाठीं वाचलें गेलें, हा भेद यंत्राला कळत नाहीं. तो माणसालाच कळावा लागतो. १९८८ सालीं अमेरिकेनें कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २०,००० डॉलर भरपाई देऊं केली. परंतु तोंपर्यंत ४६ वर्षें लोटलीं होतीं.

संगणकाच्या धंद्यांतील तरुण कर्मचारी हा इतिहास विसरले नव्हते. डॉनल्ड ट्रंप यांनीं आपल्या निवडणुकीच्या प्रचारांत मुसलमानांना देशांत येऊं न देण्याची भाषा केली होती. ते निवडून आल्यावर, २०१६ च्या डिसेंबरांत, दोन हजारांहून अधिक अभियंते व इतर कर्मचारी यांनीं जाहीर प्रतिज्ञा केली, कीं धर्म, वंश किंवा मूळ देश यांवरून माणसांच्या याद्या करण्याच्या कामाला ते हात लावणार नाहींत. या प्रतिज्ञेंत जपानी वंशीयांच्या छावण्यांची आठवण मुद्दाम दिलेली होती. मालकांच्या आधीं नोकर बोलले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

२७ जानेवारी २०१७ रोजीं ट्रंप यांचा हुकूम निघाला. इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया व येमेन या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवस आणि सर्व निर्वासितांना १२० दिवस अमेरिकेचें दार बंद झालें. सीरियाच्या निर्वासितांना तर मुदतच घातली नव्हती. हुकूम निघाला तेव्हां कित्येक प्रवासी विमानांत बसलेले होते. कायम वास्तव्याचा परवाना असलेलीं माणसेंही प्रथम विमानतळांवर अडकून पडलीं. दुसऱ्या दिवशीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या विमानतळावर निषेधासाठीं जमलेल्या गर्दींत गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन हेही उभे होते. वयाच्या सहाव्या वर्षीं मॉस्कोहून आईबापांसह आलेल्या या गृहस्थाला तेथें उभें राहण्यास निराळें कारण शोधावें लागलें नाहीं. ३० जानेवारीस गूगलच्या कर्मचाऱ्यांनीं कामावरून बाहेर पडून निषेध केला.

याच आठवड्यांत दुसरेंही एक दृश्य दिसलें. न्यूयॉर्कच्या विमानतळावर टॅक्सीवाल्यांनीं हुकुमाच्या निषेधार्थ एक तास प्रवासी घेणें बंद ठेवलें होतें. त्या सुमारास उबर कंपनी आपला धंदा साधीत आहे, असा लोकांचा ग्रह झाला आणि सुमारें दोन लाख गिऱ्हाइकांनीं तिचीं खातीं बंद केलीं. कंपनीचे प्रमुख ट्रंप यांच्या सल्लागार मंडळावर होते; २ फेब्रुवारीस त्यांनीं तें पद सोडलें. तत्त्वाचा आवाज कांहीं कानांना तिजोरीच्या वाटेनेंच ऐकूं येतो.

पुढें हा झगडा न्यायालयांत गेला. वॉशिंग्टन राज्यानें फिर्याद केली, तिला ॲमेझॉन व एक्स्पेडिया या कंपन्यांनीं प्रतिज्ञापत्रें देऊन पाठिंबा दिला, आणि ३ फेब्रुवारीस न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनीं हुकुमाला देशभर तात्पुरती स्थगिती दिली. सरकारनें अपील करतांच ५ फेब्रुवारीच्या रात्रीं ॲपल, गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, इंटेल आदि ९७ कंपन्यांनीं न्यायालयाचे मित्र या नात्यानें एक निवेदन दाखल केलें. अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकीं २०० हून अधिक कंपन्या परदेशांतून आलेल्यांनीं किंवा त्यांच्या मुलांनीं स्थापिल्या आहेत, हा त्यांतील एक ठळक मुद्दा होता. ९ फेब्रुवारीस तिन्ही न्यायाधीशांनीं एकमतानें स्थगिती कायम ठेवली. तथापि फिर्याद चालविण्याचा राज्यांचा अधिकार त्यांनीं मान्य केला तो सरकारी विद्यापीठांच्या हानीवरून. धनाढ्य कंपन्यांच्या नफ्यातोट्यावरून नव्हे.

मग या कंपन्यांना प्रेरणा कशाची, तत्त्वाची कीं स्वार्थाची? या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ‘दोहोंची’ असेंच द्यावें लागेल. ज्यांचे शेंकडों कर्मचारी परदेशांत जन्मलेले, त्यांना दार बंद होणें परवडणारें नव्हतें; आणि ज्यांचे कर्मचारी रस्त्यावर उतरलेले, त्यांना गप्प राहणेंही परवडणारें नव्हतें. स्वार्थ न्यायाच्या बाजूस उभा राहिला म्हणून न्याय विटाळत नाहीं. फक्त त्या सोबतीवर किती भिस्त ठेवावी, एवढाच प्रश्न उरतो.

पुढील घटनांनीं या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला. हुकुमाचें तिसरें, सुधारलेलें रूप सर्वोच्च न्यायालयानें २६ जून २०१८ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं वैध ठरविलें. तें रद्द झालें तें २०२१ सालीं नवे राष्ट्राध्यक्ष बायडेन आल्यावर. लहानपणीं परवान्यावांचून देशांत आणल्या गेलेल्या तरुणांच्या संरक्षणासाठीं मायक्रोसॉफ्ट स्वतः फिर्यादी झाली, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्या तरुणांच्या बाजूनें लागला. पण याच कंपनीचा परदेशीयांची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याशीं करार आहे, हें पाहून २०१८ सालीं तिच्याच शंभरांहून अधिक कर्मचाऱ्यांनीं तो मोडण्याची मागणी केली. काम टपाल, दिनदर्शिका व दस्तऐवज सांभाळण्याचें आहे, असा कंपनीचा खुलासा होता. एका हातानें फिर्याद आणि दुसऱ्या हातानें करार, हें त्या काळाचें यथार्थ चित्र होय.

२० जानेवारी २०२५ रोजीं ट्रंप यांनीं दुसऱ्यांदा शपथ घेतली, तेव्हां ॲमेझॉन, गूगल, मेटा व ॲपल यांचे धुरीण मानाच्या जागीं बसलेले होते, आणि समारंभाच्या निधीला यांतील कित्येकांकडून दहा-दहा लाख डॉलर पोंचले होते. त्याच वर्षाच्या जूनमध्यें १२ देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली. सप्टेंबरांत परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीं कंपन्यांनीं करावयाच्या एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्क लादलें गेलें. या परवान्यांपैकीं निम्म्याहून अधिक भारतीयांना मिळत आलेले असल्यामुळें पुण्यामुंबईच्या अनेक घरांत त्या रात्रीं दूरध्वनी खणखणले. २०१७ सालीं दूरदेशच्या विमानतळावर ताटकळलेल्या इराणी विद्यार्थ्याची चिंता आणि आपल्या मुलाची चिंता या एकाच जातीच्या आहेत, हें तेव्हां कित्येकांच्या ध्यानांत आलें असेल.

या साऱ्या हकीकतीवरून कंपन्यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. सावकार वादळांत छत्री उघडतो आणि ऊन पडलें कीं मिटतो. तो त्याचा स्वभाव आहे. स्वातंत्र्याचें छप्पर मात्र छत्र्यांवर उभारतां येत नाहीं. त्याला निर्भय न्यायाधीशांचे खांब लागतात, आणि ‘ही यादी माझ्या हातून होणार नाहीं’ असें वेळीच म्हणणारीं सामान्य माणसें लागतात. १९४२ सालीं यादीचें काम कचेऱ्यांतून निमूटपणें पार पडलें. २०१६ सालीं काम येण्यापूर्वींच दोन हजार माणसांनीं नकार कळविला. यंत्रें बदललीं त्यापेक्षां हा बदल मोठा आहे, आणि तो टिकविणें हें कोणत्याही कंपनीच्या नव्हे, माणसांच्याच हातीं आहे.