ट्रॅव्हल ट्रेलर : हादरे कमी कसे होतात?

अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेल्या जाणाऱ्या फिरत्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. प्रवासात त्यात कोणी बसत नाही. म्हणून अनेक स्वस्त ट्रेलरांत केवळ स्प्रिंगच्या पाट्यांवर भागवले जाते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतात. परिणामी खड्ड्यांचे हादरे सांगाड्याला बसतात. कपाटांचे स्क्रू ढिले होतात, सांधे उकलून पाणी झिरपते.

दोन अ‍ॅक्सलांच्या ट्रेलरमध्ये पुढचे व मागचे पाटे ‘इक्वलायझर’ या तरफेने जोडलेले असतात. एक चाक उचलले गेले, की तरफ भार दोन्हींत वाटते. तिथले नायलॉनचे बुश झिजले, की बोल्ट लोखंडावर घासू लागतो. त्यांच्या जागी कांस्याचे बुश व ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवणे ही पहिली सुधारणा. रबरी गादीचा इक्वलायझर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही पुढची. एअरस्ट्रीमच्या ट्रेलरांत पाट्यांऐवजी रबराच्या पिळावर चालणारा टॉर्शन अ‍ॅक्सल असतो. मात्र कालांतराने रबर कडक झाले, की अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो.

खर्चापूर्वी टायरमधील हवा तपासावी आणि एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर येईल, असे सामान लावावे. भार कमी पडल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. हा दोष नव्या स्प्रिंगने सुटत नाही.