टीव्हीचं मीटर ते खिशातलं मीटर

मुंबईला तुमचे कोणी नातेवाईक असतील तर विचारून बघा, घरच्या टीव्हीला कधी टीआरपीचं मीटर होतं का? असलं तरी सांगणार नाहीत. कुठल्या घरात मीटर आहे हे गुप्त राहिलं तरच आकडे खरे, हाच त्या धंद्याचा पाया.

पद्धत तशी सरळ. माणूस घरी येणार, समजावून सांगणार, होकार घेणार. 'बार्क'च्या मीटरला घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं दाबायचं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. बार्कचे आकडे २०१५ पासून येऊ लागले, त्याच वर्षी ग्रामीण भागही मोजणीत आला. (तोवर जाहिरातवाल्यांच्या लेखी आपण बहुतेक टीव्ही बघतच नव्हतो!)

मग ८ ऑक्टोबर २०२०. मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी पत्रकार परिषद घेतली. आरोप असा, की मीटर असलेल्या घरांची माहिती फुटली आणि ठरावीक वाहिनी लावून ठेवायला त्यांना महिन्याला चारशे-पाचशे रुपये दिले गेले. आरोप फेटाळले गेले, बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले ते थेट मार्च २०२२ पर्यंत. पुढे २०२४ मध्ये खटला मागे घ्यायला न्यायालयाने परवानगीही दिली. आम्ही पत्रकारांनी त्या दिवसांत कुठली वाहिनी पुढे, कुठली मागे यावरच रकाने भरले. भरवशावर आपलं नाव-पत्ता देणाऱ्या घरांचं काय, हे विचारायचं राहून गेलं. मीही विचारलं नाही.

त्या मीटरची निदान पेटी दिसत होती. जानेवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या 'फेसबुक रिसर्च' ॲपचं तसं नव्हतं. १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन फोनमध्ये ते घालायला लावत, आणि फोनमधून जाणारी-येणारी जवळजवळ सगळी माहिती कंपनीला बघता येई. ॲमेझॉनवर काय मागवलं, त्याचे स्क्रीनशॉटसुद्धा मागितले होते. होकार घेतलेला होता, कागदोपत्री सगळं ठीक! पण होकार एकट्याचा. त्याला मेसेज पाठवणाऱ्या मित्राला कोणी विचारलं होतं? ॲपलने ते ॲप बंद पाडलं. आणि हो, हे मी फेसबुकवरच लिहितोय, कळतंय मला.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर: "आमका काय लपवूचा आसा?" तुमचं नसेल हो. पण हापूसच्या सीझनला आपल्या बागायतदारांच्या फोनमध्ये पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकांचे नंबर, पत्ते, कोणी किती पेट्या घेतल्या हे सगळं असतं. एखादं कॅशबॅकचं नाहीतर सर्व्हेचं ॲप 'कॉन्टॅक्ट' मागतं, आपण 'अलाव' दाबतो. तो होकार त्या गिऱ्हाईकांनी दिलेला नसतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. २०२३ च्या कायद्यात तर संमतीची सूचना मराठीतही मिळायला हवी आणि संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं, असं लिहिलंय. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे १८ महिने.

तोवर एक करा. फोनच्या सेटिंगमध्ये 'परमिशन' उघडा, 'कॉन्टॅक्ट'वर जा, किती ॲपना परवानगी आहे ते मोजा. माझ्या फोनवर १४ निघाली, त्यातलं एक बॅटरीचं. तुमची किती, कमेंटमध्ये सांगा.